घरच्या लिनक्स मिंटची निगा: गुरुवारचे अपडेट, साडेपाच तासांचे घड्याळ आणि ‘दऱ्या’मधला ऱ्य

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि त्यानंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मी चार जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली बसवून दिली. बसवण्याचे काम तासाभरात उरकते. खरे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, कारण तेव्हापासून दाराची बेल वाजू लागते. अपडेट अर्धवट राहिलेले असते, घड्याळ भलतीच वेळ दाखवत असते, कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज चालत नसतो. या लेखात त्यांतल्या वरचेवर येणाऱ्या अडचणी आणि त्या सोडवण्याची माझी पद्धत सांगितली आहे. लिहिताना लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती समोर धरली आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर मेनूंची नावे थोडी वेगळी असली तरी आज्ञा त्याच आहेत.

आज्ञांबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. या लेखात त्या उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, मात्र त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि रोमन आकड्यांनीच टंकायच्या आहेत. एखादे अक्षर मोठे लागत असेल तर तसे त्या ठिकाणी सांगितले आहे. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. पुढची आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवावी, असा त्याचा अर्थ आहे. सुडोने पासवर्ड विचारल्यावर टंकलेली अक्षरे पडद्यावर सहसा दिसत नाहीत, ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण टंकून एंटर दाबावे.

संगणकाशेजारी एक शंभर पानी वही ठेवावी, हा माझा पहिला आग्रह असतो आणि बहुतेकांना तो विक्षिप्त वाटतो. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: पडद्यावर आलेला संदेश शब्दशः, आपण दिलेली आज्ञा, आणि त्यानंतर काय झाले ते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो निरुपयोगी ठरला तर आधी तो मागे घ्यावा. इंटरनेटवर सापडलेल्या पाच आज्ञा एकामागून एक चालवणाऱ्या माणसाला शेवटी दोष कशाने गेला हेही कळत नाही आणि नवा दोष कशाने आला हेही कळत नाही. लिनक्सचे संदेश रुक्ष असतात, पण ते बहुधा खरे बोलतात. निम्म्या वेळा उपाय त्या संदेशातच लिहिलेला असतो आणि आपण मात्र घाबरून ती खिडकी बंद केलेली असते.

गुरुवारचे अपडेट

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणे हे कोणाला नवे नाही. ज्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली आहे आणि जो केवळ चार्जरवर चालतो, त्याचे अपडेट नेमके गुरुवारी सकाळी सुरू करण्याची बुद्धी मात्र अनेकांना होते. वीज गेली की पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, बसवण्याचे काम अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर उघडला की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश येतो. पुढची ओळ न वाचता खिडकी बंद करू नये, कारण द्यायची आज्ञा त्याच ओळीत असते: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. जी पॅकेजे उलगडली गेली पण ज्यांची मांडणी पूर्ण झाली नाही, त्या सर्वांची मांडणी ही आज्ञा पूर्ण करते. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. परस्परांवर अवलंबून असलेल्या पॅकेजांपैकी एखादे राहून गेले असेल तर ती ते आणून बसवते. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ या नेहमीच्या दोन आज्ञा क्रमाने द्याव्यात.

याच्याशी मिळताजुळता, पण अगदी वेगळ्या कारणाचा दुसरा संदेश म्हणजे ‘कुड नॉट गेट लॉक’. दुसरा एखादा प्रोग्राम, बहुधा आपोआप चालणारे अपडेट, पॅकेजांच्या नोंदवहीवर त्या क्षणी काम करत आहे, एवढेच तो सांगतो. अशा वेळी ती लॉक फाइल पुसून टाकावी असा सल्ला इंटरनेटवर हमखास मिळतो, आणि माझ्या मते तो घातक आहे. नोंदवहीत एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणूनच ते कुलूप असते. दहा मिनिटे थांबावे, चहा करून यावा. एवढ्यानेही संदेश गेला नाही तर संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा.

कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट चालू असतानाच वीज गेली असेल, तर संगणक चालू होताना काळ्या पडद्यावर अडकण्याची शक्यता असते. लिनक्स मागचे कर्नल लगेच पुसत नाही, हे अशा वेळी उपयोगी पडते. संगणक सुरू करताना जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावे, तर यूईएफआयच्या यंत्रावर एस्केप दाबावे (संगणक सुरू करून देणाऱ्या अंतर्गत प्रोग्रामची ही जुनी आणि नवी पद्धत). म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची हे विचारणारा ग्रबचा मेनू येतो. तेथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचे कर्नल निवडावे. डेस्कटॉप आला की वरच्या दोन दुरुस्तीच्या आज्ञा द्याव्यात आणि शेवटी ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’ ही आज्ञा द्यावी. मेनूऐवजी ‘इनिट्रॅमएफएस’ अशी खूण आणि तिच्यासमोर लुकलुकणारी रेघ दिसली, तर डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या आहेत असे समजावे. अशा वेळी त्याच पडद्यावर वरच्या ओळींत डिस्कच्या बिघडलेल्या विभागाचे (पार्टिशनचे) नाव दिलेले असते. ‘एफएससीके -वाय’ लिहून, जागा सोडून ते नाव जसेच्या तसे लिहावे. तपासणी संपली की ‘एक्झिट’ टंकावे.

साडेपाच तासांचे घड्याळ

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हा दोष बहुधा पहिल्याच आठवड्यात भेटतो. लिनक्समध्ये सकाळचे दहा वाजलेले असताना यंत्र बंद करून विंडोज सुरू केले, तर तेथे पहाटेचे साडेचार दिसतात. फरक नेमका साडेपाच तासांचा असतो आणि त्या आकड्यातच निदान आहे. मदरबोर्डवर एक छोटे घड्याळ असते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतो आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतो, तर विंडोज त्याच घड्याळात थेट भारतीय वेळ आहे असे धरून चालतो. एकाच भिंतीवरच्या घड्याळाला दोन भाडेकरूंनी आपापल्या हिशेबाने चावी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

उपाय दोघांपैकी एकालाच करायचा. मी तो लिनक्सला करतो, कारण एका ओळीत काम होते: ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. त्यानंतर नुसते ‘टाइमडेटसीटीएल’ लिहून पाहिले तर लोकल वेळेबद्दल लांबलचक ताकीद दिसते. भारतात उन्हाळी वेळेसाठी घड्याळ मागेपुढे करावे लागत नसल्याने तिची आपल्याला फारशी झळ लागत नाही. घड्याळ साडेपाच तास नव्हे तर काही वर्षे मागे गेले असेल आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राबद्दल तक्रार करत असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ या आकाराचा, नाण्यासारखा असतो; काही लॅपटॉपमध्ये मात्र त्याला वायर जोडलेली असते, म्हणून नवा आणण्याआधी झाकण उघडून पाहावे.

मराठी टंकन

माझ्या वहीची सर्वांत जास्त पाने या विषयाने भरली आहेत. इन्स्क्रिप्ट ही मांडणी ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ती घरोघर पोहोचवण्यात मोठा वाटा उचलला. तरीही आपल्याच शहरात ‘लिनक्सवर मराठी कसे टंकायचे’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याची सहसा गरज नसते. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘कीबोर्ड’ आणि त्यात ‘लेआउट्स’ उघडावे, अधिकचे चिन्ह दाबावे आणि यादीतून मराठी निवडावे. तेथे एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे दोन पर्याय दिसतात. मी निःसंशय इन्स्क्रिप्ट सुचवतो. पहिले आठ-दहा दिवस हात अडखळतो, पण नंतर डाव्या हाताने स्वर आणि उजव्या हाताने व्यंजने अशी लय बसते. कोणत्या कळीवर कोणते अक्षर आहे, हे त्याच खिडकीतील कीबोर्डाच्या चित्राच्या बटणाने पाहता येते. ते चित्र छापून भिंतीवर लावावे.

इंग्रजी मांडणी यादीत पहिलीच ठेवावी. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारी सोसायटी सर म्हणते, एका सकाळी दारात उभे राहून म्हणाले, “माझा पासवर्ड रात्रीतून कोणी बदलला का हो?” कोणी बदलला नव्हता. आदल्या रात्री मराठीत पत्र लिहिता लिहिता त्यांनी पडदा कुलूपबंद केला होता, आणि सकाळी ते टंकत असलेला पासवर्ड ठिपक्यांच्या आड देवनागरीत उमटत होता. पासवर्डच्या चौकटीजवळ सध्याची मांडणी दाखवणारी छोटी खूण असते. पासवर्ड नाकारला गेला की आधी तिच्याकडे पाहावे आणि मांडणी बदलून पुन्हा प्रयत्न करावा. मांडणी बदलण्याची कळ ‘लेआउट्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये आपल्या सोयीने ठरवता येते.

सरांची दुसरी तक्रार अधिक मजेदार होती. त्यांनी ‘विनंती’ टंकले की आधी एक तुटक वर्तुळ आणि त्याला टांगलेली वेलांटी उमटत असे आणि मग ‘वनंती’ येत असे. त्यांचा हात मराठी टंकलेखन यंत्रावर बसलेला होता, आणि त्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून आधीच टंकावी लागे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतपद्धतीत, क्रम उच्चाराचा असतो: आधी व, मग वेलांटी. तुटक वर्तुळ म्हणजे ‘मी स्वरचिन्ह आहे, माझे व्यंजन कुठे आहे’ असा संगणकाचा प्रश्न असतो. एवढे कळल्यावर चाळीस वर्षांची सवय मोडायला त्यांना तीन दिवस पुरले.

यानंतर येतो ऱ्य. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होते आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाक होतो. हा फरक टिकवण्यासाठी इन्स्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे, त्याच जे या कळीवर शिफ्टसह ऱ हे स्वतंत्र अक्षर दिलेले आहे. शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, आणि मग य साठी तिरप्या रेघेची कळ दाबली की ऱ्य उमटतो. ऱ्ह साठी शेवटी यू दाबावे. काही जुन्या साधनांमध्ये मात्र साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे जोडचिन्ह वापरून हाच आकार साधला जात असे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. दस्तऐवजात ‘दऱ्या’ डोळ्यांना दिसत असूनही शोधल्यावर सापडत नसेल, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी दस्तऐवजातलाच शब्द उचलून ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत चिकटवावा, खालच्या चौकटीत तो नव्या पद्धतीने टंकावा आणि सगळीकडे एकदम बदलून घ्यावा.

लिबरऑफिसमध्ये मराठीसाठी आणखी एक जागा नीट करावी लागते. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ आणि त्यातील भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडावे. पुष्कळदा तेथे हिंदी निवडलेले असते आणि मग चांगल्या फॉन्टमध्येही ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे आत दडलेली असली तरी, मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याखेरीज ती बाहेर येत नाहीत. त्याचप्रमाणे देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपासून वेगळा ठेवला जातो. अक्षर मोठे करूनही मराठी मजकूर आहे तेवढाच राहिला, तर ‘फॉरमॅट’मधल्या ‘कॅरॅक्टर’ खिडकीत सीटीएल, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा, फॉन्ट बदलावा.

सोसायटीची जुनी इतिवृत्ते उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, अशी तक्रार अनेक सचिव करतात. त्या फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या असतात, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट मिळवून बसवला तर मजकूर वाचता येईल, पण त्यात काही शोधता येणार नाही. म्हणून एकदाचे रूपांतर करून घेणे शहाणपणाचे आहे. रूपांतरक निवडताना मूळ फॉन्टचे नेमके नाव लागते, कारण प्रत्येक फॉन्टाची अक्षरांची वाटणी वेगळी होती. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्य या तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. चुका तेथेच राहतात.

डिस्क भरली तर

संगणक सुरू होतो, पासवर्ड बरोबर दिला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी समोर येते. ही फेरी पाहून माणूस चक्रावतो, पण बऱ्याचदा कारण क्षुल्लक असते: डिस्कवर एक छोटी फाइल लिहिण्यापुरतीही जागा उरलेली नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे चित्राविना नुसता मजकुराचा पडदा येतो. तेथे नाव आणि पासवर्ड द्यावा. ‘डीएफ -एच’ ही आज्ञा प्रत्येक विभाग किती टक्के भरला आहे ते सांगते. एकट्या तिरप्या रेघेसमोर, म्हणजे मुख्य विभागासमोर, १०० टक्के दिसले, तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’ देऊन उतरवून ठेवलेली पॅकेजे काढावीत, ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ देऊन नको असलेली जुनी कर्नल काढावीत आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ देऊन नोंदींचा ढीग २०० मेगाबाइटवर आणावा. या शेवटच्या आज्ञेतले एम मोठे लिहावे. मिंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ७ दाबले की नेहमीची खिडकी परत येते.

एवढे करूनही डिस्क पंधरवड्यात पुन्हा भरली, तर टाइमशिफ्टकडे पाहावे. मिंटमध्ये ते आधीपासून असते आणि प्रणालीच्या मागच्या अवस्था जपून ठेवते. ते अतिशय उपयोगी आहे, पण १२८ गिगाबाइटच्या डिस्कवर रोजच्या पाच आणि आठवड्याच्या तीन प्रती ठेवणे हा हव्यास झाला. रोजच्या दोन प्रती पुरतात. शिवाय टाइमशिफ्ट नेहमीच्या मांडणीत आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे जपत नाही, फक्त प्रणाली जपते. घरच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर स्वतंत्रपणे ठेवावी लागते.

वायफाय आणि छपाईबद्दल थोडक्यात सांगता येईल. वायफायचे नावच दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देणे, सुरू करावे, त्या जोडणीवर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा आणि तो सुचवेल ते ड्रायव्हर बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. अलीकडचे प्रिंटर त्याच वायफायवर असले तर बहुधा आपोआप सापडतात. सापडले नाहीत तर प्रिंटर आणि लॅपटॉप एकाच जोडणीवर आहेत का, हे पाहिल्याशिवाय ड्रायव्हर शोधत बसू नये.

शेवटी, जेथे कोणतीही आज्ञा कामाला येत नाही, तो दोष ओळखायचा कसा ते सांगतो. फाइल उघडताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ असा संदेश येत असेल, संगणक मधूनच काही सेकंद गोठत असेल, किंवा वर सांगितलेली डिस्कची तपासणी दर आठवड्याला करावी लागत असेल, तर दुरुस्ती ताबडतोब थांबवावी आणि आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. मग ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडून त्यातील ‘स्मार्ट’ माहिती पाहावी. हार्ड डिस्क असेल तर ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरसमोरचा आकडा शून्य नसणे आणि तो दिवसेंदिवस वाढणे, ही ती थकल्याची खूण आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नवी एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर चालणारी डिस्क, सहज मिळते. मात्र जाण्याआधी लॅपटॉपचे झाकण उघडून जुन्या डिस्कचे आणि तिच्या जोडणीचे छायाचित्र काढून न्यावे, कारण अडीच इंची साटा आणि पट्टीसारखी एम टू एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि एम टूमध्येही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. दुकानदाराने जुनी डिस्क मागितली तरी देऊ नये. पाकिटावर तारीख घालून ती दोन महिने कपाटात ठेवावी. सरांना त्यांच्या पेन्शनच्या पावत्यांचा फोल्डर नवी डिस्क बसवल्यानंतर पाचव्या आठवड्यात आठवला.